आधी मला धुवा, मग भुवया काढा

मी ब्रश बोलतोय. भिंती रंगवणारा नव्हे, दात घासणाराही नव्हे. मी रंगाने भुवया रेखून काढणारा. अंगाने काडीसारखा, टोक तिरकं कापलेलं. आमच्या पार्लरमध्ये माझ्या तोडीचा दुसरा कोणी नाही. ही बढाई नाही हं, तिरक्या टोकाचा तिथे मी एकटाच आहे.

माझा जन्म कारखान्यातला. एका बाईने नायलॉनचे बारीक केस चिमटीत धरून टेबलावर ठोकले, एका उंचीचे केले आणि धातूच्या नळीत सरस घालून बसवले. मागून लाकडी दांडा आला. तिने मला उजेडात धरून पाहिलं, मान हलवली आणि डब्यात टाकलं. तेवढी शाबासकी मला आयुष्यभर पुरली.

आमचं पार्लर दोघी चालवतात, वहिनी आणि तिची नणंद. नणंदेला सगळे धाकटी म्हणतात. धाकटीचा हात असा, की हट्टी भुवईनेही निमूट वळणावर यावं. तोंड मात्र हाताहून चपळ. वहिनी सावकाश कामाची. तिचा एकच हट्ट, एका बाईला लावलेला ब्रश साफ केल्याशिवाय दुसरीला लावायचा नाही. त्यासाठी आरशाखाली दोन बरण्या, एक स्वच्छ ब्रशांची, एक वापरलेल्यांची. कोमट पाणी आणि साबण घेऊन ती आम्हाला टोक खाली धरून धुते, म्हणजे नळीत पाणी शिरून सरस सुटत नाही.

"वहिनी, ब्रश धुतेस की तान्ह्या बाळाला न्हाऊ घालतेस?" धाकटी चिडवायची.

"बाळ घरच्यांच्याच अंगावर खेळतं. हा गावभरच्या तोंडांवरून फिरतो," वहिनी म्हणायची.

धाकटी हसायची आणि वहिनीची पाठ वळली की मला अॅप्रनला पुसून वर फुंकर मारायची. माणसांना फुंकरीचं फार कौतुक. पावडर उडते हे दिसतं, पण तोंडातलं काय माझ्यावर येऊन बसतं ते कुणाला दिसत नाही.

एका सकाळी एक बाई आल्या. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, भुवयांच्या जागी पेन्सिलीच्या दोन रेघा. एक भुवई चकित झालेली, दुसरी वैतागलेली. त्या शाळेत गणित शिकवायच्या. मोठ्या आजारपणात औषधांनी त्यांचे केस गेले, भुवयाही गेल्या. उपचार नुकतेच संपले होते आणि आज त्या पुन्हा वर्गावर उभ्या राहणार होत्या.

"पोरं डोक्याकडे बघतील, त्याचं काही नाही," त्या म्हणाल्या. "पण भुवया नसल्या की मी रागावलेय हेच त्यांना कळणार नाही." मग आवाज उतरला. "डॉक्टरांनी बजावलंय, अंगात अजून ताकद नाही, कसलाही संसर्ग व्हायला नको. तुमचे ब्रश स्वच्छ असतात ना?"

तेव्हा मी धाकटीच्या हातात होतो. आधीची बाई नुकतीच दाराबाहेर पडली होती.

"अगदी स्वच्छ!" धाकटीने मला अॅप्रनला पुसलं.

"थांब," वहिनी म्हणाली. "बाई, हा आत्ताच दुसऱ्या कुणाला लावलाय. असा तुम्हाला लावायचा नाही."

धाकटीचा चेहरा पडला. बाईंनी पर्स उचलली. उठल्याच त्या. इतक्या दिवसांनी धीर करून आलेलं माणूस असं परत निघालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"जायचं तर जा," वहिनी शांतपणे म्हणाली. "पण तुमच्यासमोर साफ करते. डोळ्यांनी बघा, मग ठरवा."

बाई उभ्याच राहिल्या. वहिनीने मला साबणाने चोळलं, नळाखाली धरलं. आधी तपकिरी पाणी गेलं, मग पांढरा फेस, मग नुसतं स्वच्छ पाणी. कोऱ्या टॉवेलमध्ये दाबून तिने जंतू मारायचा फवारा मारला आणि मला टिश्यूवर पुसलं. पुन्हा फवारा, पुन्हा नवा टिश्यू. दुसऱ्यावर डाग उमटला नाही. मग तिने मला सुकायला आडवं ठेवलं.

दारातून बाईंच्या नवऱ्याने डोकावलं. "अगं, आटपलं का? शाळा भरेल."

"भरू दे," बाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

घाईने धाकटी माझ्यावर वाकली. ओठांचा चंबू झाला होता. तशीच ती थबकली, तोंड फिरवलं आणि गुपचूप हात धुवायला गेली. मी पूर्ण सुकल्यावर वहिनीने मला तिच्याच हातात दिलं.

"तू काढ. माझ्या हाताला ते वळण नाही."

धाकटीने वहिनीकडे क्षणभर पाहिलं. रंगाच्या डबीत मला न बुडवता तिने चमच्याने थोडा रंग स्वच्छ पुसलेल्या ताटलीत काढला आणि एकेक केस रेखला.

बाईंनी आरशात पाहिलं. डावी भुवई वर चढवली, मग दोन्ही आवळल्या आणि गरजल्या, "गृहपाठ कुठाय?"

"आता आमची खैर नाही," दारातून नवरा म्हणाला आणि पटकन तोंड वळवून डोळे पुसू लागला.

बाई येत राहिल्या. हल्ली धाकटी फुंकर मारत नाही. माझ्या दांड्याचा रंग उडालाय, पण केस अजून ताठ आहेत. तुम्हीही कुठे भुवया काढायला बसलात, तर ब्रश कधी धुतला ते बिनधास्त विचारा. धुणाऱ्याला त्याचा राग येत नाही.

परवा बाई आल्या, कपाळ उजेडाकडे करून म्हणाल्या, "बघा." भुवयांच्या जागी कोवळे, आखूड केस उगवले होते. खरे. धाकटीने सवयीने मला उचललं आणि हसून परत बरणीत ठेवलं. दिवसभर मी तिथे बसून होतो. रिकामं बसण्यात इतकी ऐट असते, हे मला ठाऊक नव्हतं.