तळ्याचा वाटा

"ती खालची फळी राहू द्या, पर्सी," ब्रायनी म्हणाली. "ओहोटी संपत आलीय."

पर्सीने ऐकलं नाही. ऐकू आलं नाही असं मी म्हणणार नाही, कारण त्याच्या कानांना काहीही झालेलं नव्हतं. नको ते ऐकू न येण्याची कला त्याने माझ्या बहिणीबरोबर संसार करताना कमावली होती. त्याने लोखंडी आकडा फळीच्या कडीत अडकवला, कमरेतून मागे रेलला आणि फळी उपसून माझ्या पायांशी टाकली. तळ्याचं चहाच्या रंगाचं पाणी उघाडीतून धो धो समुद्राकडे निघालं.

बांधातल्या या उघाडीच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दाराच्या, फळ्या काढायच्या आणि घालायच्या, एवढंच पर्सीने जन्मभर केलं. बाकी हिवाळ्यात बोरू कापायचा आणि छपरं शाकारणाऱ्यांना विकायचा. एका बाजूला आमचं गोडं तळं, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे गोट्यांचा बांध. ओहोटीला तळ्यातलं जास्तीचं पाणी सोडायचं आणि भरती चढायच्या आत फळ्या परत बसवायच्या. समुद्राच्या बाजूला भरतीला आपोआप मिटणारी एक लोखंडी झडपही होती, पण गेल्या हिवाळ्यातल्या वादळाने ती नेली आणि नवी यायची होती. यायची होती म्हणजे काय ते आमच्याकडे सगळ्यांना कळतं.

म्हणून ब्रायनी घाबरली होती, आणि ते बरोबरच होतं. ती पक्ष्यांच्या संस्थेची माणूस, तळ्याची राखण तिच्याकडे. वयाने पर्सीच्या मुलीसारखी, पण मूर्ख नव्हे. खारं पाणी एकदा आत शिरलं की बोरू मुळापासून जळतो, बेडूक जातात, वाम मासे जातात, आणि त्यांच्यावर जगणारे बगळे कशाला थांबतील? उन्हाळा संपायच्या आत तळ्याचं डबकं होतं.

पण पर्सीचं लक्ष तळ्यामधल्या बेटाकडे होतं. दोन दिवस मे महिन्याला न शोभणारा पाऊस कोसळला होता आणि बेटाच्या कडा पाण्याखाली गेल्या होत्या. तिथे उचाट्या बसले होते, ते उलट्या चोचीचे काळेपांढरे पक्षी. गोट्यांत चार काड्या टाकायच्या आणि त्यात अंडी घालून मोकळं व्हायचं. घरटं म्हणायचं ते केवळ त्यांची अब्रू राखायला. खालच्या कडेची मादी पोटाला पाणी लागलं तरी उठत नव्हती. आज-उद्या पिल्लं बाहेर यायची होती.

ते बेट ऑलिव्हने केलेलं. म्हणजे माझ्या बहिणीने. कितीतरी उन्हाळे ती नावेतून गोटे वाहत राहिली. लोक हसले, मीही हसले, आणि मग एका वसंतात ते पक्षी खरोखर येऊन बसले. ऑलिव्ह ऑक्टोबरात गेली. तिच्यामागचा हा पहिला वसंत. आता त्या फळीवरून पर्सीशी वाद घालायची माझी तरी छाती नव्हती. एरवी मी त्याच्याशी कशावरूनही वाद घालते.

पाणी उतरू लागलं. खालच्या मादीच्या पायांशी ओले गोटे दिसायला लागले. पर्सीच्या तोंडावर जे आलं त्याला त्याच्या हिशेबाने हसू म्हणता आलं असतं.

"पुरे आता," ब्रायनी म्हणाली. "घाला फळ्या."

"अजून थोडं," पर्सी म्हणाला.

ते थोडंच नडलं. तळ्याच्या काठाने बोरूची एक पेंढी डुलत डुलत आली, ओढीत सापडली आणि उघाडीच्या तोंडात घुसून आडवी बसली. पर्सीने फळी घातली, तर ती अर्ध्यात तिरकी होऊन अडकली. त्याने पहारीने ठोकली. ती हलली नाही, उलट खाचेत आणखी रुतली.

ती पेंढी मी लगेच ओळखली. आमच्याकडे बोरूची कापणी संपली की शेवटची पेंढी विकत नाहीत. ती उघाडीपाशी ठेवायची, तळ्याचा वाटा म्हणून. चर्चमधले पाद्रीबाबा याला खुळचटपणा म्हणतात, पण तिच्यावरून जाताना तेही टोपी काढतात. पर्सीच्या घरचा वाटा नेहमी ऑलिव्ह ठेवायची. त्या हिवाळ्यात त्यानेच ठेवला होता, काठावर, गवतात. दोन दिवसांत तळं चढलं आणि वाटा आपला आपण घेऊन गेलं.

ब्रायनी छातीइतक्या पाण्यात उतरली. पर्सी वरून आकड्याने ओढत होता. बोरू पाण्याने फुगून दगडासारखा झाला होता. चार काड्या सुटायच्या, बाकी पेंढी जागच्या जागी. मी वरून दोघांना काय करायचं ते सांगत होते, आणि त्याचा जेवढा उपयोग व्हायचा तेवढाच झाला.

मग आवाज थांबला. धो धो चालली होती ती धार एकदम निवली. पाणी उघाडीत नुसतं उभं राहिलं, जरा घुटमळलं, आणि त्यावरचा फेस हळूच तळ्याकडे सरकू लागला.

पर्सी गुडघ्यावर बसला. पाण्यात बोट बुडवून त्याने जिभेला लावलं आणि थुंकला.

"खारं," तो म्हणाला.

समोर बेटावर पक्षी निवांत बसले होते. त्यांना वाचवायला उघडलेल्या दारातूनच समुद्र आत येत होता. पर्सीचा चेहरा मी ऑक्टोबरात पाहिला होता, दवाखान्याच्या बाकावर. तोच चेहरा आत्ता पुन्हा समोर होता.

"ऑलिव्ह कुठं बांधायची गं ती पेंढी?" त्याने विचारलं.

काय म्हणतोय ते मला कळलं. खोटं सांगावंसं वाटलं, पण माझ्याच्याने झालं नाही. "वर," मी म्हणाले. "त्या मोठ्या खांबाला. दोन गाठी मारून."

त्याने मान हलवली. इतकी वर्षं ती गाठ मारायची आणि हा पाठमोरा नाव बांधत असायचा, त्यामुळे त्याने ते कधी पाहिलंच नव्हतं.

"पर्सी, काहीतरी आडवं घालायला हवं," ब्रायनी पाण्यातून म्हणाली. तिचे दात वाजत होते. "समुद्राच्या बाजूनं. मग भरतीच दाबून धरेल. दार, पत्रा, काहीही."

दार कुठून आणायचं? गाव मैलभर लांब. आसपास होतं काय, तर गवत, मेंढ्या आणि खुंटाला बांधलेली पर्सीची नाव.

सपाट बुडाची, काळ्या डांबराची ती नाव. लग्नाच्या वर्षी दोघांनी मिळून बांधलेली. हा पुढे वाकून बोरू कापायचा आणि ऑलिव्ह मागच्या टोकावर उभी राहून बांबूने नाव ढकलायची. एकाच जागी उभं राहून राहून मागच्या फळीला तिच्या पावलांचे दोन खळगे पडले होते. मी माझे गमबूट तिथे ठेवले म्हणून पर्सीने एकदा मला नावेतून उतरवलं होतं, तेही भर पाण्यात.

पर्सीने नावेकडे पाहिलं. आम्ही दोघींनी पाहिलं नाही. हे आपण सुचवायचं नाही, एवढं ब्रायनीलाही कळत होतं.

"धरा," तो म्हणाला.

ओल्या गवतावरून ती आम्ही तिघांनी बांधापलीकडे ओढली. माझ्या कमरेने त्या दिवसापासून मला माफ केलेलं नाही. उघाडीपुढच्या बांधीव नाल्यात उतरवून आडवी करायला गेलो, तर ती भिंतींमधे मावेना. हातभर जास्त लांब होती. पुढचं टोक चिंचोळं, ते भिंतीच्या कोपऱ्यात छान बसत होतं. अडत होतं ते मागचं.

पर्सी वर गेला आणि खुंट तासायची कुऱ्हाड घेऊन आला.

"पुढचं तोड ना," मी म्हणाले. "अरे, पुढचं तोड."

"पुढचं तोडलं तर फट राहील, हेटी."

"मग मी तोडते."

"नको," तो म्हणाला. "माझंच काम आहे ते."

त्याने कुऱ्हाड घातली. एरवी हा माणूस खुंटसुद्धा मोजून मापून तासतो. त्या दिवशी त्याने एकदाही थांबून पाहिलं नाही. लाकूड जुनं होतं, पण सहजासहजी गेलं नाही. शेवटचा घाव बसला तेव्हा मी समुद्राकडे तोंड करून उभी होते, आणि वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतं असं म्हणायची मला गरज वाटत नाही. मी रडत होते.

नाव कुशीवर कलती केली. तिचं बूड समुद्राकडे आलं, आणि भरतीच्या पाण्यानेच तिला उचलून उघाडीच्या तोंडावर दाबलं. फटींत आम्ही चिखल कोंबला, पोती कोंबली, शेवटी माझा कोटही कोंबला. तो नवा होता, हे मी अजूनही पर्सीला अधूनमधून ऐकवते. पाणी झिरपत राहिलं, पण झिरपणं वेगळं आणि शिरणं वेगळं. लाटा येऊन आपटायच्या आणि आतून नावेच्या फासळ्या मोडल्याचा आवाज यायचा. दर आवाजाला पर्सी डोळे मिटायचा. कोणी घरी गेलं नाही. ब्रायनीच्या डब्यातलं चीज-लोणच्याचं सँडविच आम्ही तिघांत खाल्लं.

नाव टिकली. पुढच्या ओहोटीला पेंढी काडी काडी करून सोडवली आणि फळ्या बसल्या. मग पर्सीने उघाडीपासून काठाकाठाने जात जागोजागी पाणी चाखलं. दूरच्या वळणावर तो बराच वेळ उभा राहिला आणि परत येऊन ब्रायनीला म्हणाला, "गोडं आहे." शिवाय असंही म्हणाला, की तिचं ऐकायला हवं होतं. पर्सीच्या तोंडून असं वाक्य ऐकायला ऑलिव्ह असायला हवी होती.

उघाडीजवळचा बोरू थोडा जळाला. बेटाच्या खालच्या कडेची दोन घरटी गेली. त्या मादीचं मात्र राहिलं. आठवड्याभरात तिची पिल्लं चिखलात धावताना दिसली, कापसाच्या बोळ्यांना पाय फुटावेत तशी. नाव मात्र लाटांनी पार खिळखिळी केली होती. पर्सीने ती पुन्हा बांधली नाही. तिची लाकडं त्याने जाळलीही नाहीत.

यंदा कापणी संपल्यावर तो माझ्या दारात आला. हातात शेवटची पेंढी होती. "गाठ मारून दे," एवढंच म्हणाला. मी दोन मारल्या, मोठ्या खांबाला, वर. तो या खेपेला समोर उभा राहून बघत होता.

उघाडीवर पाय ठेवायला पूर्वी नुसती सिमेंटची पायरी होती. तिच्यावर आता नावेची ती मागची फळी ठोकलेली आहे, डांबर लावलेली. मी तिथे होतेच, म्हणून तो फळ्या काढेपर्यंत थांबले. तो फळीवर चढला, आकडा अडकवला आणि मागे रेलला. एक पाय त्याने पार डाव्या कडेला ठेवला होता, दुसरा पार उजव्या. असं फाकून उभं राहणं त्याच्या गुडघ्यांना जड जातं, ते दिसत होतं. मधले दोन खळगे त्याने मोकळे ठेवले होते, आणि त्यांत सकाळच्या पावसाचं पाणी साचलं होतं.