नाडी झाली तरी हात सोडायचा नाही

नात नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. लेखी परीक्षेत पास झाली, प्रात्यक्षिकात गेली. फेरपरीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होती. त्यातही गेली तर वर्ष वाया, आणि तिच्या बापाने आधीच सांगून ठेवलं होतं, "मग शिक्षण बास, दुकानात बसायचं." म्हणून ती दुपारी तडक माझ्याकडे आली.

"आजोबा, आडवे व्हा."

"का गं? इतक्यात? मला अजून अवकाश आहे."

"काहीतरीच बोलू नका. पेशंट हवाय मला."

आतली खाट पाच महिने तशीच होती. ही गेल्यापासून मी तिथे पाठ टेकली नव्हती. बाहेरच्या खोलीत बाकावर झोपायचो. मी सुतार, बाक माझाच, त्यामुळे कंबर धरली तर बोल लावायला कुणी नाही. पण पोरीचं तोंड बघितलं आणि मुकाट्याने खाटेवर आडवा झालो.

ही, म्हणजे माझी बायको, सव्वीस वर्षं पहिल्या वर्षाच्या मुलींना शिकवायची. हात कसे धुवायचे, पेशंट खाटेवर असतानाच चादर कशी बदलायची, ताप, नाडी, श्वास कसे मोजायचे. लग्न झालं तेव्हा ती स्वतःच शिकत होती आणि घरात पेशंट म्हणून मीच. एकदा तिने माझ्या डोक्याला बँडेज बांधून बघितलं. तेवढ्यात शेजारी करवत मागायला आला. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, सुताराला बायकोने हाणलं. हिने कुणालाच खरं सांगितलं नाही. म्हणाली, "राहू दे, जरा वचक राहील."

नातीने माझं मनगट धरलं.

"अंगठा नको," मी म्हणालो. "तीन बोटं. अंगठ्याला स्वतःची नाडी असते, तू तुझीच मोजत बसशील."

"तुम्हाला कसं माहीत?"

"नुसती लाकडं नाही तासली मी."

नाडी बहात्तर आली. मग तिने हात सोडला, खुर्ची मागे घेतली, माझ्या छातीवर डोळे रोखले आणि म्हणाली, "आता श्वास मोजते हं."

ती तसं म्हणाली आणि मला श्वास कसा घेतात तेच आठवेना. लोहाराचा भाता झाला माझा.

"सव्वीस! आजोबा, नीट घ्या ना."

"नीटच घेतोय. तू अशी डोळे वटारून बसलीस तर कसा येईल नीट?"

दुसऱ्यांदा अकरा आले. पोरीचे डोळे भरले. "परीक्षेत हेच झालं. मी मोजले तर सव्वीस, मॅडमनी मोजले तर अठरा. आजी कसे मोजायची?"

"माझे श्वास तिने कधी मोजलेच नाहीत. रोज संध्याकाळी चहा झाला की नाडी तेवढी बघायची. मिनिटभर."

"आणि मग?"

"मग काय, हात तसाच धरून बसायची. अजून मिनिटभर. आणि म्हणायची, ठीक आहे तुमचं."

"त्या दुसऱ्या मिनिटात बघायची कुठे?"

"माझ्या शर्टाच्या बटणाकडे. मी विचारायचो सुद्धा, तुटलंय का?"

नात ताडकन उठली. "आजोबा, ती श्वास मोजत होती! नाडी झाली तरी हात सोडायचा नाही, म्हणजे पेशंटला कळत नाही. आम्हाला सांगितलं होतं हो! घाबरले आणि डोक्यातूनच गेलं."

चाळीस वर्षं मी समजत होतो, पहिलं मिनिट तिच्या कामाचं आणि दुसरं माझं. गेलेल्या माणसावर रागावू नये, पण मला राग आला.

मग शेवटचा आठवडा आठवला. याच खाटेवर होती. पेला उचलवत नव्हता, तरी संध्याकाळी म्हणाली, "अहो, हात आणा." बोटांत जोर नव्हता. मीच ती माझ्या मनगटावर नीट ठेवली. ती बटणाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ठीक आहे तुमचं." मी खेकसलो, "माझं काय बघतेस? तुझं बघ." तर म्हणे, "माझं मला माहीत आहे."

राग गेला.

"पुन्हा कर," मी नातीला म्हणालो.

"पण आता तुम्हाला कळलंय ना."

"कळू दे. मी दुसरं काहीतरी आठवत पडतो."

तिने मनगट धरलं. मी त्या बँडेजबद्दल, दारात करवत मागायला आलेल्या शेजाऱ्याच्या वासलेल्या तोंडाबद्दल विचार करत राहिलो. मिनिट कधी संपलं, कळलं नाही.

"सोळा," ती म्हणाली.

नात घरी गेल्यावर मी उठलो नाही. खाटेवर तसाच पडून राहिलो आणि तिथेच झोप लागली.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यापासून मी बाकावर बसून होतो. ती आली, पांढरे बूट दारात काढले आणि शेजारी बसली.

"काय झालं गं?"

तिने माझं मनगट धरलं. तीन बोटांनी.

"अगं, पास का नापास?"

"शू. पेशंटने बोलायचं नाही."

एक मिनिट झालं असेल. तिने हात सोडला नाही. नजर माझ्या बटणावर, आणि ओठ घट्ट मिटून हसू दाबत होती.

"ठीक आहे तुमचं," ती म्हणाली. "आणि माझंही."