व्हॉनची दाढ आणि कोरिनची भट्टी

कोरिनच्या बेकरीतली भट्टी बुधवारी रुसली ती रुसलीच. शनिवारी शाळेच्या जत्रेला ढीगभर 'मीट पाय', म्हणजे मैद्याच्या पारीत खिमा भरून भाजलेले, द्यायचे होते. ते चुकले की शाळेचं काम दुसऱ्या बेकरीकडे जाणार, आणि शाळा गेली की दुकानाला कुलूप.

तिच्याकडे पॉइंट चिक्कार होते. ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्ग गावच्या व्यापारी मंडळात रोख कुणी काढतच नाही. केक दिलात की खात्यात पॉइंट, मग त्यांवर न्हाव्याकडे जा, नाहीतर रंगाऱ्याकडे. पण मंडळात भट्टी दुरुस्त करणारा एकटा व्हॉन, आणि त्याने हल्ली पॉइंट घेणंच सोडलेलं. त्याला रोख हवी. कोरिनकडे ती औषधालाही नव्हती.

गुरुवारी मंडळाच्या नाश्त्याला ती मुद्दाम त्याच्या शेजारी बसली.

"भट्टी बघतोस का रे?"

"रोख?"

"पॉइंट."

"नको बाई. आहेत त्यांचंच लोणचं घालायची वेळ आलीये."

"मग खर्च कर की."

"छे. अडीनडीला असावेत."

असं म्हणत त्याने लॅमिंग्टन केकचा खोबरं लावलेला तुकडा चहात बुडवला, पार लगदा होईपर्यंत, आणि एकाच बाजूने हळूहळू चघळला. कोरिन बघत राहिली.

"दाढ?"

"नाताळपासून. डॉक्टर खिसाच कापतात."

"आणि ही अडीनड नाही? अरे, ती इमेल्डा बघ, त्या टोकाला. दातांची डॉक्टर आहे, आपल्याच मंडळातली."

व्हॉनचा चमचा हवेतच राहिला. "ती? दर वेळी आंबे वाटते. मला वाटलं, आंबेवाली आहे."

कोरिनने त्याला दंडाला धरून तिकडे नेलं. इमेल्डाने तिथेच त्याला आ करायला लावला आणि मोबाइलचा उजेड पाडला.

"दुपारी ये. पॉइंट चालतील, मला स्वयंपाकघर रंगवून घ्यायचंय."

शुक्रवारी सकाळी व्हॉन बेकरीच्या दारात उभा. गाल सुजलेला, हातात हत्यारांची पेटी.

"खातं बरंच खाली आलं," तो म्हणाला, पण चेहरा ओझं उतरल्यासारखा. "आता पॉइंट लागतील मला. घरातल्या सगळ्यांचे दात दाखवायचेत."

संध्याकाळपर्यंत भट्टी धगधगायला लागली. कोरिनने पहिला गरम मीट पाय त्याच्या हातात ठेवला. त्याने आधी घाबरत, मग चांगला मोठा घास घेतला.

"मीठ कमी आहे."

"म्हणजे दाढेची कटकट गेली," म्हणत कोरिनने पुढचा ट्रे आत सरकवला.