अंतर्यामींचा शेजार

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर अंतर्यामी म्हणवणारे बाबा डोळे मिटून बसले होते आणि समोरच्या संगणकावर अगम्य अक्षरं सरकत होती.

"विश्वस्मृतीत सगळं नोंदलेलं असतं, बाई," ते ताईला म्हणाले. "तुमच्या गळ्यात उजवीकडे गाठ आहे. चाकू लावू नका. हे भारलेलं पाणी प्या."

ताईने भक्तिभावाने हात जोडले. शेजारी बसलेल्या धाकट्या बहिणीने कपाळावर हात मारून घेतला.

गाठ होतीच, आणि तिची शस्त्रक्रियाही ठरली होती. ताईने घरी पोचायच्या आत ती रद्द केली.

"डॉक्टरीणबाईंनी किती तपासण्या केल्या. यांनी न बघता सांगितलं."

"अगं, गाठ वाढतेय."

"तुझं सगळं शहाणपण त्या संगणकातच."

धाकटी संगणक भाड्याने देणाऱ्या एका कंपनीत ते संगणकच सांभाळायची. पालथ्या घड्यावर पाणी ओतून ती वैतागली आणि हट्टाला पेटून सभांना जाऊ लागली. लोक आधी फोनवर नाव नोंदवत. ज्यांचं काही सांगता येत नसे, त्यांना अंतर्यामी "तुमची वेळ आलेली नाही" म्हणून वाटेला लावत. ज्यांची वेळ आली होती, ते सगळे एकाच डॉक्टरीणबाईंचे पेशंट निघाले. त्या दवाखान्याचा संगणक धाकटीच्या कंपनीत होता. अंतर्यामींचाही तिथेच होता, त्याच यंत्रावर. त्या यंत्रावरच्या सॉफ्टवेअरमध्ये खोट असल्याचा इशारा मागेच आला होता, पण तिचे साहेब म्हणाले होते, "कोणाची तक्रार आहे का? मग कशाला हात लावायचा?"

तिने डॉक्टरीणबाईंना गाठलं. दोघींनी मिळून दवाखान्याच्या संगणकात धाकटीच्या नावाने एक खोटी नोंद केली.

पुढच्या सभेत अंतर्यामींनी धाकटीकडे करुणेने पाहिलं. "डाव्या पायाला सहावं बोट. लहानपणापासून लपवतेस."

तिने चप्पल काढून पाय मंचावर ठेवला. बोटं पाचच होती.

"बाबांची नजर पडली आणि बोट गळालं," मागून कोणीतरी म्हणालं, आणि टाळ्या पडल्या. धाकटीचं रडायचंच बाकी राहिलं.

तेवढ्यात गर्दीत बसलेल्या डॉक्टरीणबाई उठल्या. "ती नोंद मी केली होती. साफ खोटी."

"विश्वस्मृती कसली, ही शेजाऱ्याची मेमरी आहे," धाकटी तावातावाने म्हणाली. "एका मोठ्या यंत्राच्या पोटात अनेक संगणक भाडेकरूंसारखे राहतात. एकाने मेमरीतली जागा सोडली की ती पुसून दुसऱ्याला द्यायची असते. आमचं सॉफ्टवेअर पुसतच नव्हतं. दवाखान्याचं लिहिलेलं यांच्या पडद्यावर झिरपायचं, आणि हे त्यात तुमची नावं शोधायचे."

"मग माझी गाठ?" ताईने विचारलं.

"बाईंनी शोधली, यांनी चोरून वाचली. जिच्या निदानावर हे अंतर्यामी झाले, तिचाच इलाज तू नाकारतेयस."

ताई डॉक्टरीणबाईंकडे वळून म्हणाली, "तारीख परत मिळेल का हो?"

"उद्या सकाळी या."

साहेबांनी दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती बसवली आणि विश्वस्मृती आटली. तरी त्या संध्याकाळी भारलेल्या पाण्यासाठीची रांग अर्धीच मोडली होती. त्या उरलेल्या अर्ध्या रांगेला एवढंच सांगणं आहे: कोणी आपल्या मनातलं ओळखलं, तर हात जोडण्याआधी विचारा, याला हे कळलं कुठून?