बारा पेरांची गुप्त भाषा

माझ्या नवऱ्याने माझ्यावर हेरगिरीचा आरोप ठेवला तेव्हा मी ईप्सिताला कुस्करलेलं गाजर भरवत होते.

"तू बिर्गिटला सांगितलंस," हृषिकेश म्हणाला.

"काय सांगितलं?"

"पेरं."

दहा महिन्यांच्या ईप्सिताने फुर्रर्र करून तोंडातलं गाजर त्याच्या शर्टावर उडवलं. मला लेकीचं फार कौतुक वाटलं.

हृषिकेश इंजिनिअर आहे. हॅम्बर्गमध्ये विमानांच्या दरवाजांचं काम करतो. आठवडाभर शहाण्यासारखा वागतो आणि रविवारी 'टायफून्स' नावाच्या हौशी संघासाठी खुळा होतो. खेळ अमेरिकन फुटबॉल, म्हणजे हेल्मेटं घालून एकमेकांवर आदळायचं. हृषिकेशचं वजन छप्पन्न किलो, त्यामुळे त्याला कोणी आदळू देत नाही. तो रेषेबाहेर उभा राहतो आणि टॉर्स्टनला हाताने खुणा करतो. टॉर्स्टन क्वार्टरबॅक, म्हणजे दर वेळी चेंडू आधी त्याच्या हातात येतो. तो पुढे फेकायचा की दुसऱ्याकडे देऊन पळवायचा, हे खुणेवरून ठरतं.

या खुणा माझ्या नवऱ्याचा शोध. अंगठा बोटांच्या पेरांवर टेकवायचा. चार बोटं, बारा पेरं, बारा डाव. "जर्मन माणूस बोटं मोजतो, पेरं त्याच्या गावीही नाहीत," असं म्हणत तो आरशासमोर तासन्‌तास सराव करायचा. मी लंगोटांच्या घड्या घालत बघायचे. बाळ एक होतं की दोन, असा प्रश्न मला अधूनमधून पडायचा.

गेल्या रविवारी बर्गेडॉर्फच्या संघाने टायफून्सला एक्केचाळीस-तीन असं धुतलं. टॉर्स्टन काय करणार हे त्यांना दर वेळी आधीच कळत होतं. त्या संघात माझ्या मैत्रिणीचा, बिर्गिटचा, नवरा खेळतो. शिवाय २००७ चा तो सप्टेंबर. अमेरिकेतल्या एका मोठ्या संघाने समोरच्यांच्या खुणा चोरून कॅमेऱ्यात टिपल्याची बातमी नुकतीच आली होती. मग काय! आमच्या दोन खोल्यांच्या घरातही कारस्थान शिजायला लागलं.

"पेरांचं तिघांनाच ठाऊक. मी, टॉर्स्टन आणि तू," हृषिकेश म्हणाला. "तुझे मंगळवार बंद."

आता मात्र माझा हात थांबला. मंगळवारी बिर्गिटकडे क्राबेलग्रुपे असतो, रांगत्या पोरांचा मेळावा. ईप्सिता आणि बिर्गिटचा मुलगा एकमेकांच्या नाकात बोटं घालतात आणि आम्ही दोघी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये बोलतो. आठवड्यात मोठ्या माणसाशी बोलायला मिळतात ते तेवढेच दोन तास. हृषिकेशला मी त्यात धरत नाही.

शनिवारी दुपारी टॉर्स्टन पुरावा तपासायला आला. सामन्याचं चित्रण होतं. ते मीच केलं होतं, ईप्सिताला मांडीवर घेऊन. टॉर्स्टनने आधी मला एक व्याख्यान दिलं. क्वार्टरबॅकने चेंडू येण्यापूर्वी समोरच्या अकरा जणांना कसं वाचायचं, कोण पुढे झुकलाय, मागचे दोघं किती मागे सरकलेत, कोण उगाच हूल देतोय. "हे सगळं तीन सेकंदांत," तो म्हणाला. "सामान्य माणसाला नाही जमायचं."

"गेनाऊ, अगदी बरोबर," हृषिकेशने मान डोलावली.

मी ईप्सिताला थोपटत पडद्याकडे बघत होते. "आता फेकणार," मी म्हणाले. टॉर्स्टनने फेकला. "आता पळवणार." पळवला. "पळवणार. फेकणार. फेकणार." एकही अंदाज चुकला नाही.

हृषिकेश ताडकन उठला. "बघितलंस? हिला खुणा पाठ आहेत! स्वतःच कबूल केलं!"

"अरे शहाण्या, त्या चित्रात तू आहेस कुठे?"

तो नव्हताच. कॅमेरा सगळा वेळ टॉर्स्टनवर होता. माझ्या नवऱ्याचा अंगठासुद्धा त्यात कुठे आला नव्हता.

"मग तुला कळलं कसं?"

"हा फेकणार असला की आधी बोटं चाटतो. नसला की नाही चाटत. झोप आली की ईप्सिता डावा कान ओढते, शी होणार असली की एकदम गप्प होऊन खिडकीकडे बघते. दहा महिने मी हेच वाचतेय, आणि तेही हेल्मेट न घालता."

त्यांनी चित्रण पुन्हा लावलं. पडद्यावर टॉर्स्टन चाटत होता. सोफ्यावरचा टॉर्स्टन लाल होत गेला. अकरा जणांना वाचणारा हा पंडित! समोरचे अकरा जण आपल्यालाही बघत असतात हे त्याला बत्तीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

"आल्झो, म्हणजे, एक सांगायचं होतं," तो हृषिकेशला म्हणाला. "तुझी ती पेरं मला कधी दिसलीच नाहीत. इतक्या लांबून कशी दिसणार? मी आपला मनानेच ठरवायचो. तू इतक्या हौसेने करायचास, म्हणून बोललो नाही."

हृषिकेशने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. एरवी मला त्याची दया आली असती. पण मला तो मंगळवार आठवत होता, जो माझ्या मालकीचा होता आणि त्याने एका वाक्यात बंद केला होता.

टॉर्स्टन गेल्यावर तो बराच वेळ बुटांच्या कपाटाशी घुटमळला. आता 'चुकलो' म्हणेल, असं मला उगाच वाटलं.

"मंगळवारी जाणार आहेस?"

"हो."

"मग ते चाटण्याचं बिर्गिटला सांगू नकोस हं."

ईप्सिता कान ओढत होती. तिला घेऊन मी आत गेले. तिच्या टाळूला गाजराचा वास येत होता.

मंगळवारी बाबागाडी ढकलत, पावसातून, मी बिर्गिटकडे पोचले. "नवरा म्हणत होता, त्या सामन्यानंतर तुमचे लोक फार चिडले," ती म्हणाली. "काय झालं?"

"काही नाही गं," मी म्हणाले. ते गुपित होतं म्हणून नव्हे. सांगण्याजोगं नव्हतं म्हणून. ईप्सिताला खालचा दुसरा दात आला होता, आणि आमच्याकडे दोनच तास होते.