माझी तिरकी चीर

मी एक जुना, मोडका बीम आहे. मोडका म्हणताना मी मान खाली घालेन असं वाटलं असेल, तर विसरा, मित्रांनो! मला मोडून बघण्यासाठीच घडवलं होतं, आणि मी असा मोडलो की अजून माणसं बघायला येतात.

शाळेच्या नव्या सभागृहाच्या बीममध्ये सळ्यांची इतकी दाटी होती, की साधं काँक्रीट आत शिरेना. म्हणून प्रयोगशाळेतल्या इंजिनिअर ताईंनी आपोआप पसरून बसणारं काँक्रीट तयार केलं. पण त्यात खडी कमी, तीही बारीक. आणि चीर पडली की तिच्या दोन्ही कडा खडीच तर धरून ठेवते! म्हणून बांधकामाच्या साहेबांनी अट घातली, "दोन बीम मोडून बघू. वीस टन पेलले, तर सभागृह तुमच्या काँक्रीटचं."

मला साच्यात ओतताना मिस्त्रीकाका हसले, "ताई, हे काँक्रीट आहे की सरबत?"

"बघाच काका. फक्त नेहमीसारखा व्हायब्रेटर लावू नका. हलवलं की खडी तळाला जाते."

मी कोपरान् कोपरा भरला! मग ताई फोन घ्यायला बाहेर गेल्या आणि शेजारच्या साच्यात माझा धाकटा भाऊ ओतला गेला.

अठ्ठावीस दिवसांनी, आम्ही पुरते कडक झाल्यावर, आधी धाकटा भार देणाऱ्या यंत्राखाली गेला. चौदा टनांवरच धाडकन तिरका फाटला. खडी सगळी तळाशी, वर नुसता सिमेंट-वाळूचा गारा. साहेबांनी वही मिटली. ताईंचा चेहरा पडला.

तेवढ्यात मिस्त्रीकाका पुढे आले. "साहेब, ताईंचा दोष नाही. याला मीच व्हायब्रेटर लावला. तीस वर्षांचा हात, गप्प बसेना."

"आणि त्या दुसऱ्याला?"

"छे! तेव्हा ताई डोळे वटारून उभ्या होत्या ना!"

साहेबांनी वही पुन्हा उघडली. आता सगळं माझ्यावर! पंधरा... अठरा... पोटातल्या सळ्यांच्या रिंगा ताणल्या. केसाएवढी तिरकी चीर उमटली, पण मी दातओठ खाऊन ती धरून ठेवली. वीस! मोडलो तो थेट चोवीस टनांना. ताईंच्या आधी काकाच नाचले!

आज माझ्या जातीचे आठ बीम त्या सभागृहाचं छत पेलतात. मी इथे आवारात असतो. काका माझ्यावर टेकून नव्या कामगारांना स्वतःची चूक सांगतात, तीही रंगवून रंगवून.

मित्रांनो, हवं तर मला रंग लावा, पण माझी चीर बुजवू नका. आणि धाकट्याचे तुकडे माझ्या शेजारीच राहू द्या. तो कच्चा नव्हता हो. त्याला उगाच हलवलं होतं.