तांबड्या रेशमाचे तीन वेढे

ओव्हिएदोचे दातांचे डॉक्टर डॉन फाउस्तो दर फेब्रुवारीत कुरुएन्योच्या खोऱ्यात बेनिल्देकडे यायचे. ट्राउट मासे धरायचा हंगाम मार्चात उघडतो. तिने गळाच्या आकड्यावर पिसं आणि रेशीम बांधून केलेल्या नकली माश्या डबीत असल्याशिवाय नदीत पाय घालायचा नाही, असा त्यांचा नेमच होता. त्या वर्षी मात्र त्यांनी खिशातून एक परकी माशी काढली आणि जरा ओशाळून तिच्या टेबलावर ठेवली.

"रागावू नका, बेनिल्देबाई. दुसऱ्याची आहे. गेल्या उन्हाळ्यात डोंगरापलीकडे फ्रान्समध्ये गेलो होतो, तिथल्या एका दुकानात मिळाली. एका दिवसात अकरा मासे लागले हिला. अशा दोन डझन बांधून द्या."

"अकरा कोणी मोजले?"

"बायको होती बरोबर."

"मग खरं असणार," बेनिल्दे हसून म्हणाली.

डॉक्टर नदीचं पाणी बघायला निघून गेले. बेनिल्देने माशी टेबलावरच्या चिमट्यात अडकवली आणि चिमटा खिडकीजवळ ओढला. दुसऱ्याची माशी कशी बांधली हे कळायचं तर ती उसवावी लागते. तिने पात्याच्या टोकाने डोक्याजवळची गाठ कापली आणि रेशीम उलगडायला लागली. ते उलगडेना, उलट घट्टच होत गेलं. मग लक्षात आलं, वेढे उलट्या बाजूने होते.

"डावखुरा आहे लेकाचा," ती स्वतःशीच म्हणाली.

आकडा फिरवून तिने पुन्हा धागा सोडवला. पंख्यासारखे पसरलेले पिसाचे तंतू सुटून कागदावर पडले. मग पोटाचं पिवळं रेशीम ती एकेक वेढा सोडत गेली. अगदी शेवटी, आकडा जिथे वळतो तिथे, पिवळ्याच्या खाली तांबड्या रेशमाचे तीन वेढे निघाले.

बेनिल्देचा हात तिथेच राहिला.

ही तिच्या वडिलांची, लाउरेन्तिनोची, करामत होती. माशी कोरडी असताना तांबडं दिसतच नाही. पाण्यात पिवळं रेशीम भिजून पारदर्शक झालं की आतून लाली फुटते, जिवंत किड्याच्या पोटासारखी. लाउरेन्तिनोने ती दोघांनाच शिकवली होती, बेनिल्देला आणि तिच्या मोठ्या भावाला, अंतोलिनला. अंतोलिन डावखुरा होता. आणि अंतोलिनला बुडून तेवीस वर्षं झाली होती.

पंचाहत्तर सालच्या वसंतात बर्फ वितळून नदी दुथडी वाहत होती. काठावर त्याचा कोट आणि काठी सापडली, तो सापडला नाही. चर्चमध्ये रिकाम्या शवपेटीसमोर त्याच्यासाठी मिस्सा झाली होती.

जुनी असेल, तिने मनाला समजावलं. त्याने तेव्हा बांधलेली, फिरत फिरत कुठल्या दुकानात गेलेली. पण आकड्याचं पोलाद नवं कोरं होतं. तिने पिसाचे तंतू उचलून उजेडात धरले. तपकिरीवर बारीक ठिपके आणि टोकाला मधाच्या रंगाची कड. असली कड साऱ्या खोऱ्यात एकाच कोंबड्याच्या पिसाला होती. तो तिच्याच खुराड्यात होता. त्याला ती ओबिस्पो म्हणायची, आणि तो अंड्यातून बाहेर येऊन चारच वर्षं झाली होती. त्याची पिसं ती कुणालाही विकत नसे. दर वर्षी एक जुडी मात्र कमी भरायची. कसर लागली होती, चुलीत टाकली, असं आई सांगायची.

बेनिल्दे उठली.

आई, प्रिसिला, स्वयंपाकघरात मसूर निवडत बसली होती.

"आई, ओबिस्पोच्या त्या जुड्या कुठे गेल्या?"

"सांगितलं ना, चुलीत." आईने मान वर केली नाही.

बेनिल्देने तो तांबडा धागा तिच्या ताटात, मसुरीवर ठेवला. म्हातारीने तो चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेला.

"अजून तसंच बांधतो वाटतं," ती म्हणाली.

बेनिल्देने खुर्ची ओढली, पण तिला बसता येईना.

"कोण बांधतो?"

"नाव घ्यायला लावू नकोस. तुझ्या बापाला शब्द दिलाय."

"बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली."

मग आईने सांगितलं. अंतोलिनला सैन्यातून बोलावणं आलं होतं, आफ्रिकेच्या वाळवंटात पाठवणार होते. तो रातोरात डोंगर ओलांडून फ्रान्सला पळाला. पोलीस शोधायला येऊ नयेत म्हणून बापानेच कोट आणि काठी नदीवर नेऊन ठेवली. पुढे सगळं निवळलं, पण तोवर मिस्सा होऊन गेली होती.

"अख्खं गाव रडलं होतं गं. त्याच्याशी लग्न ठरलेल्या देलमिराने तर दोन वर्षं काळं घातलं. कुणाला कसं सांगायचं, की तो तिकडे सुखात आहे म्हणून?"

"गावाचं सोड. मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू सातुरिओबरोबर बिल्बाओला गेली असतीस," आई म्हणाली. "मुलगा आहे की तुम्हाला, असं म्हणून गेली असतीस. मग आमच्याजवळ कोण राहिलं असतं?"

मीठ संपलंय सांगावं तसं तिने ते सांगितलं. सातुरिओ बेनिल्देसाठी दोन वर्षं थांबला होता. दर महिन्याला लिहायचा, पोलादाच्या कारखान्यात काम पक्कं झालंय, खोली बघितली आहे, येतेस का. आणि ती लिहायची, आई-बाबांना आता माझ्याशिवाय कुणी नाही.

"त्याचा नंबर दे," ती म्हणाली.

आईने पिठाच्या डब्याकडे बोट दाखवलं. डब्याखाली घडी घातलेला कागद होता.

ओसरीतल्या फोनवर तिने दोनदा आकडे चुकवले. तिसऱ्यांदा पलीकडे एक पुरुष फ्रेंचमध्ये काहीतरी बोलला.

"अंतोलिन?"

तिने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"मी बेनिल्दे."

"आईला काही झालं का?" तो या खोऱ्याच्या बोलीत म्हणाला, शब्द शोधत शोधत.

"नाही. मसूर निवडतेय."

"मग तू कशी? तू तर माझ्याशी बोलणार नव्हतीस."

"असं कोण म्हणालं?"

"आईने लिहिलं होतं. भाऊ भ्याला, पळाला, त्याची तुला लाज वाटते, त्याचं नाव काढायचं नाही म्हणतेस. तरी मी दर नाताळला तुला पत्र टाकायचो. नऊ-दहा टाकली असतील. मग सोडून दिलं."

बेनिल्देने रिसीव्हर छातीशी धरला आणि आत वळून विचारलं, "माझी पत्रं कुठे आहेत?"

"ती मात्र खरंच चुलीत टाकली," आई म्हणाली.

संध्याकाळी डॉक्टर परत आले तेव्हा बेनिल्दे दिवा न लावता टेबलाशी बसली होती.

"जमेल ना?" त्यांनी विचारलं.

"जमेल. माझ्या भावाने बांधली आहे ती."

"पण तुमचा भाऊ तर..."

"हो. मलाही आज सकाळपर्यंत तसंच वाटत होतं."

डॉक्टरांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि निघून गेले. तिने त्यांच्या दोन डझन माश्या दोन दिवसांत बांधल्या. हात सवयीने चालत होता. गुरुवारी ती बसमध्ये चढली.

फ्रान्समधल्या स्टँडवर एक टकला माणूस उभा होता, बापासारखा एक खांदा पाडून. दोघांनी आधी एकमेकांच्या हातांकडे बघितलं. मेणाने काळी झालेली बोटं दोघांचीही होती.

"कोंबडे कोण बघतंय?" त्याने विचारलं.

"आई."

"एकटी?"

"एकटीच."

घरी त्याच्या बायकोने, मिरेयने, सूप वाढलं. ते पिताना बेनिल्देला रडू फुटलं ते थांबेना. मिरेयला बोली येत नव्हती. ती नुसती पाठीवरून हात फिरवत राहिली.

बेनिल्दे दोन महिने राहिली. एप्रिलच्या शेवटी आईचं पत्र आलं: पिसं काढायला झाली आहेत, मला एकटीला कोंबडा धरवत नाही, परत ये. तिने ते वाचून अंतोलिनच्या हातात दिलं.

"जाणार?" त्याने विचारलं.

"तू येत असशील तर. दिवसाढवळ्या, चौकातून चालत. मला आता कुणाशी खोटं बोलायचं नाही."

तो रात्रभर अंगणात येरझाऱ्या घालत होता. सकाळी त्याने दुकानाला कुलूप लावलं.

मे महिन्यातल्या एका रविवारी दोघं गावच्या चौकात उतरले. मिस्सा नुकतीच सुटली होती. चर्चच्या पायऱ्यांवरचं बोलणं तुटलं. कुणीतरी छातीवर क्रूस काढला. देलमिरा पावाची पिशवी घेऊन चालली होती, ती जागच्या जागी थांबली. तिच्या तोंडावरचा सगळा रंग उतरला. मग ती सरळ त्याच्यासमोर आली आणि दोन बोटांनी त्याचा दंड चाचपला.

"कुठे होतास रे मेल्या?"

"फ्रान्समध्ये," अंतोलिन म्हणाला.

देलमिराने एक मुस्काटात ठेवून दिली आणि चर्चच्या पायरीवर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तो तिच्या शेजारी बसला. पाद्रीबाबा दारात उभे होते, त्यांना आत जावं की बाहेर यावं ते कळेना.

बेनिल्दे एकटीच घराकडे निघाली. दारात आई उभी होती. चौकातला गलबला तिच्यापर्यंत पोचला होता, पण तिची नजर मुलाला शोधत नव्हती.

"आलीस," ती बेनिल्देला म्हणाली.

बेनिल्देने सामान उंबऱ्यात ठेवलं. आईच्या बाजूने, तिला न शिवता, ती परसात गेली आणि पिसं कितपत तयार झाली आहेत ते बघायला खुराड्याचं दार उघडलं.